वाफेवरचं कडं

माझा धंदा तोंडं सुधारायचा. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून मी दिवसभर लोकांच्या गालांवरची मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि हनुवटीखालची दुसरी हनुवटी काढून टाकतो. पासपोर्टच्या फोटोत काही करायची परवानगी नसते, पण लग्नाच्या फोटोत माणसाला चांगला दहा वर्षांनी लहान करून दिला तरी कुणी तक्रार करत नाही. उलट पुढच्या वेळी आत डोकावून सांगतात, मागच्यासारखंच करा. या कामात माझा हात धरणारा आमच्या भागात कुणी नाही. हे मीच सांगतो, कारण मालक सांगत नाही.

साडूभाऊंना माझ्या या कौशल्याची मनापासून चीड होती. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंद्यानं चष्मेवाले. खाली दुकान, वर घर आणि घरावर गच्ची. गच्चीवर त्यांनी स्वतः खपून पत्र्याची एक खोली उभी केली होती. तिचं छप्पर रुळावरून बाजूला सरकायचं आणि आत दुर्बीण होती, दुर्बिणीला कॅमेरा घट्ट बसवलेला. तेजोमेघांचे फोटो काढायचे हा त्यांचा छंद. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्या खोलीला सवतीचं घर म्हणायची आणि तरी थंडीच्या दिवसांत तिथे गरम पाण्याची पिशवी पाठवायची.

ताऱ्यांच्या मधे वायूचे आणि धुळीचे प्रचंड ढग असतात, ते तेजोमेघ. नुसत्या डोळ्यांना बहुतेक दिसतच नाहीत. एकाच जागेवर दुर्बीण रोखायची, पृथ्वी फिरेल तशी ती सरकवत राहायची, काही मिनिटांचा एकेक असे शेकडो फोटो घ्यायचे आणि मग ते संगणकावर एकावर एक रचायचे. एकट्या फोटोत नुसता खरखरीत काळोख असतो. रचत गेलं की हळूहळू त्यातून काहीतरी वर येतं. फोटो घेणं साडूभाऊंचं आणि ते रचून त्यातला उजेड नि रंग वर काढणं माझं, अशी आमची वाटणी होती. सुट्टीच्या दुपारी मी त्यांच्या जेवणघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचो आणि ते माझ्या खांद्यावरून वाकून चुका काढायचे. माझ्या आयुष्यातल्या बऱ्यापैकी सुखाच्या दुपारी त्याच.

नियम एकच होता. उजेड वाढव, रंग ताण, हवं ते कर, पण संगणकातल्या ब्रशला हात लावायचा नाही. एकदा एका कोपऱ्यातला काळपट डाग मी हाताच्या सवयीनं उडवून दिला, आणि तो नेमका खरोखरचा धुळीचा ढग निघाला. साडूभाऊ त्यानंतर महिनाभर माझ्याशी फक्त माझ्या चष्म्याच्या नंबराबद्दल बोलत होते. शेवटी राग उतरला तेव्हा म्हणाले, "पावडर लावायची तर तुझ्या नवऱ्यामुलांना लाव. तिथे काय आहे ते तुला माहीत आहे का? मलाही नाही. म्हणून तर फोटो काढतोय ना?"

गेले दोन हिवाळे ते एकाच तेजोमेघाच्या मागे होते. सारथी तारकासमूहातला, इतका फिका की पुस्तकांत त्याला धड नावही नाही, नुसता क्रमांक आहे. आम्ही त्याला वाफ म्हणायचो, कारण पहिल्यांदा रचून बघितला तेव्हा गरम पातेल्यावरचं झाकण उचलल्यासारखं काहीतरी वर जाताना दिसलं होतं. वाफेचा बुंधा सोपा होता. वरचं टोक, जिथे ती विरते, तिथे काय आहे ते कळायला तयार नव्हतं. साडूभाऊंचा सगळा जीव त्या टोकात अडकला होता. तिथे धागे असणार, असं ते म्हणायचे.

आता यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसते. डोळ्याला दिसणार नाही एवढा कण, पण फोटोत त्याचं काळं कडं उमटतं. ते काढायचा प्रामाणिक मार्ग एकच. दुर्बिणीच्या तोंडाशी एकसारखा पांढरा उजेड धरायचा आणि त्या उजेडाचे फोटो घ्यायचे. त्यांत आकाशातलं काही नसतं, नुसती आपल्या काचेवरची धूळ असते. या कोऱ्या फोटोंच्या आधारानं संगणक खऱ्या फोटोंतली कडी बरोब्बर उतरवून देतो. अट एवढीच की धूळ जागची हललेली नसावी. त्यामुळे शहाणी माणसं रोजचं काम संपलं की कोरे फोटो घेऊन ठेवतात. साडूभाऊ शहाण्यांत मोडत नव्हते. कॅमेरा एकदा बसवला की हंगाम संपेपर्यंत ते त्याला बोटही लावत नसत आणि कोरे फोटो शेवटी एकदाच काढत. कॅमेरा हलला नाही तर धूळ कुठे जातेय, असं म्हणायचे. आणि इतकी वर्षं ती खरंच कुठे गेली नव्हती.

दुसरा हिवाळा संपत आला आणि साडूभाऊ दुकानात गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी बसवता बसवता बोबडं बोलायला लागले. त्यांची एकुलती एक लेक काउंटरवरच होती. आम्ही तिला ठकी म्हणतो. पंचविशी उलटली तरी ठकीच. बाबा गिऱ्हाइकांची नक्कल करून हसवतात हे रोजचंच, त्यामुळे तिला वाटलं, चाललीय गंमत. ती हसली. गिऱ्हाईकही हसलं. मग साडूभाऊ काउंटरला धरून खाली बसले. डावं अंग गेलं होतं.

पोरीनं ते हसणं स्वतःला माफ केलं नाही. हॉस्पिटलच्या जिन्यात तिनं मला विचारलं की लगेच कळलं असतं तर फरक पडला असता का. डॉक्टरनं तिला नाही म्हणून सांगितलं होतं, मीही नाही म्हणालो, पण ती कुणाचंच ऐकून घेत नव्हती. दिवसा दुकान, संध्याकाळी हॉस्पिटल, आणि मधल्या वेळात घर घासूनपुसून काढायचं. तिला बस म्हटलं तरी बसवत नव्हतं.

साडूभाऊ घरी आले ते खाटेवरच. जीभ जड झाली होती, चेहऱ्याची एक बाजू उतरलेली, डोकं मात्र शाबूत. हृदयही थकलंय, असं डॉक्टरनं ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि पुढचं न सांगता तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. मी भेटायला गेलो तर साडूभाऊंनी पहिलं विचारलं ते वाफेचं. मी म्हटलं, फोटो सगळे आहेत माझ्याकडे. ते म्हणाले, कोरे फोटो तेवढे राहिलेत. एकेक शब्द उचलून ठेवावा तसं ते बोलत होते. "तू वर जा. कॅमेऱ्याला हात लावू नकोस. आहे तसा ठेवून काढ. मग पूर्ण कर. मला बघायचाय."

मी वर गेलो. पत्र्याची खोली उघडली आणि दारातच थबकलो. सगळं लख्ख होतं. जमीन पुसलेली, वायरी नीट गुंडाळून बांधलेल्या, दुर्बिणीची नळी चकचकीत. माझ्या मागोमाग ठकी जिना चढून आली होती. बाबा घरी यायच्या आधी तिनं दोन दिवस खपून हे केलं होतं. कॅमेरा सोडवला, त्याच्या पुढचा फिल्टर काढला, आतली काचसुद्धा हवा मारून आणि पुसून साफ केली आणि सगळं जसंच्या तसं परत बसवलं. तिच्यासारखी काच पुसणारं माणूस मिळायचं नाही. ती चार वर्षांची असल्यापासून साडूभाऊंनी तिला तेच शिकवलं होतं: पुसल्याशिवाय चष्मा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. तिनं अभिमानानं सांगितलं, केवढी धूळ होती काका त्यावर.

मी काय बोलणार? हो म्हटलं, असेल. मग ती बघत होती म्हणून पांढरा उजेड धरून कोरे फोटोही काढले. ते अगदी कोरे आले, एक ठिपका नाही. असे स्वच्छ कोरे फोटो बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर तो या जगात मी पहिलाच.

घरी येऊन वाफ रचली. साडूभाऊंनी दुसऱ्या हिवाळ्यात घेतलेले फोटो जबरदस्त होते. वाफ कधी नव्हे इतकी वर आली होती. आणि तिच्यावर कडीच कडी. बारीकसारीक होती ती कडेला होती, त्यांचं काही नाही. पण एक मोठं काळं कडं बरोबर वरच्या टोकावर येऊन बसलं होतं, जिथे ती विरते तिथे. मी सगळे उपाय करून बघितले. फोटोंवरूनच अंदाजानं सावली बांधून उतरवायचा प्रयत्न केला, पण वाफेच्या टोकाशी आकाशातली खरी धूळही काळीच दिसते. कुठली धूळ तिथली आणि कुठली आमच्या गच्चीवरची, हे संगणकाला सांगता येईना आणि मलाही. पहिल्या हिवाळ्याचे फोटो घेतले तर त्यात ते टोक चौकटीच्या बाहेर राहिलेलं. मी अक्षरशः हात टेकले. पुन्हा फोटो घ्यावेत म्हणावं तर वाफ सूर्याच्या आड गेली होती, ती परत दिसायला पुढची थंडी यायला हवी. डॉक्टरनं ताईच्या खांद्यावर जो हात ठेवला होता त्यात पुढची थंडी बसत नव्हती.

साडूभाऊंना खरं सांगावं, तर ते कॅमेऱ्याला हात कुणी लावला म्हणून विचारणार. घरात माणसं तीन. आणि ठकीला कळलं की तिच्या हातून हे झालंय, तर ती आधीच ज्या खड्ड्यात उभी होती त्यावर आणखी माती. मी बायकोला सांगितलं. ती कणीक मळता मळता थांबली आणि म्हणाली, यात विचार करण्यासारखं काय आहे ते मला समजत नाही. तुमचं कामच डाग काढायचं आहे. मी चिडलो. म्हटलं, गालावरचं मुरूम काढतो तेव्हा खाली गालच आहे हे मला ठाऊक असतं. इथे खाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. ती म्हणाली, मग तुम्ही चुकलात हे तरी कोण सांगणार आहे? मला तिचा अजूनच राग आला.

मी दिवस ढकलत राहिलो. संगणक हळू चालतोय, स्टुडिओत कामं तुंबलीत, एक फाइल बिघडलीय. ताईचा फोन आला की मी आधी घसा खाकरायचो आणि मग थाप मारायचो. एकदा तिनं फोन साडूभाऊंच्या कानाशी धरला. पलीकडून नुसता श्वास आला बराच वेळ, आणि मग, "झालं का?" मी म्हटलं, होतच आलंय. त्यानंतर तिनं सांगितलं की आता ते दिवसाचे बरेच तास झोपूनच असतात, आणि जागे झाले की एवढंच विचारतात.

शेवटी मी ब्रश उचलला. स्टुडिओतल्या जेवणाच्या सुट्टीत, दार लावून. एका नवऱ्या मुलीचा फोटो बाजूला सारला आणि वाफ उघडली. कड्याच्या आजूबाजूचे धागे कुठून येतात, कुठे वळतात ते बघितलं आणि कड्याच्या आत ते वळवून नेले. एक जाड, दोन बारीक, आणि अगदी टोकाशी एक इतका पुसट की असला तर असला. वर खरखर टाकली, रचलेल्या फोटोत असते तेवढीच. दोन-तीन तारे हलवले. काम इतकं बेमालूम झालं की मलाच ओळखू येईना. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर हात खूशही होते. त्यांना काय कळतंय.

रविवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन गेलो. ताईनं पडदे ओढले, साडूभाऊंच्या पाठीला उशा लावल्या. ठकी खाटेच्या कडेवर बसली. मी फोटो उघडला आणि भिंतीकडे बघत राहिलो.

साडूभाऊंनी उजव्या हातानं खूण केली, मोठं कर. मी केलं. अजून. वर ने. मी नेलं. ते बरोबर टोकापाशी आले, माझ्या टोकापाशी. चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हलली. "धागे," ते म्हणाले. त्यांनी बोट पडद्याच्या जवळ नेलं आणि जाड धाग्यावरून फिरवत त्या सगळ्यात पुसट धाग्यावर आणून थांबवलं. "हा बघ. हा नसता आला तर..." पुढचं त्यांना बोलता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, दोन्ही डोळ्यांतून, आणि ताईनं पदरानं पुसलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं आपण सहज म्हणतो. त्या दुपारी ते मी पहिल्यांदा मनापासून म्हटलं.

ठकीचा चेहरा उजळला होता. हॉस्पिटलपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. तिनं बाबांचा निर्जीव हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "इतकं स्वच्छ आलंय ना बाबा? कॅमेऱ्याच्या काचेवर केवढी धूळ होती, बघायला हवी होती तुम्ही. काकांनी कोरे फोटो काढायच्या आधीच मी सगळं काढून पुसून ठेवलं होतं."

साडूभाऊंचं बोट पडद्यावरच होतं. ते तिथेच राहिलं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील, निदान नजरेत राग तरी दिसेल. तसं काही नव्हतं. हिशेब लागायला लागला तेवढाच वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान परत लेकीकडे वळवली.

"फडकं कुठलं घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"दुकानातलं. मऊ, नवं."

"मधून बाहेर पुसलंस?"

"हो. गोल गोल, तुम्ही शिकवलंय तसं."

"मग बरोबर," साडूभाऊ म्हणाले. "म्हणून तर आलंय." आणि जरा थांबून, जीभ सावरून, "माझ्याच्यानं नसतं झालं."

ठकी रडायलाच लागली, पण ते बऱ्यापैकी सुखाचं रडणं होतं. हा फोटो मोठा करून दुकानात काउंटरच्या मागे लावायचा, तिनं ठरवूनही टाकलं. किती मोठा बसेल ते मोजायला टेप घेऊन ती खाली पळाली. ताई डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

आम्ही दोघंच उरलो. मी बोलायला तोंड उघडलं. कुठून सुरुवात करणार होतो ते आजही मला माहीत नाही. साडूभाऊंनी बोटानं गप्प राहा अशी खूण केली.

"खरा आहे का?" त्यांनी विचारलं. "ठेवलायस?"

मी म्हटलं, ठेवलाय.

"दाखव."

मी रंगवलेला फोटो बंद केला आणि मुळातला उघडला, टोकापर्यंत नेला आणि मोठा केला. काळं कडं अख्खा पडदा भरून आलं. साडूभाऊ पुढे झुकले. त्यांना झुकता येत नव्हतं तरी झुकले, मी पाठीला हात लावून धरलं. ते कड्याच्या कडा न्याहाळत होते, कुठून काय आत शिरतंय ते शोधत होते, जसे माझ्या खांद्यावरून वाकून शोधायचे तसेच. कड्याच्या आत काळ्याशिवाय काही नव्हतं. तरी ते बघत होते. त्यांचा श्वास मला माझ्या तळहातावर लागत होता आणि मला काहीही करता येत नव्हतं, त्यांना सरळ धरून ठेवण्यापलीकडे.

जिन्यावर पावलं वाजली.

"काढ," ते म्हणाले. "काढ लवकर. ती येतेय."

मी मुळातला फोटो बंद केला. ठकी टेप घेऊन आत आली तेव्हा आम्ही दोघं रंगवलेल्या धाग्यांकडे बघत बसलो होतो, आणि साडूभाऊ तिला सांगत होते की जितका मोठा बसेल तितका लाव.